'हो' म्हणाला तर पुढं काय? पाड्यावरच्या एका प्रशिक्षणाचे नऊ महिने

मागच्या आठवड्यात पालघर जिल्ह्यातल्या एका गटप्रवर्तक बाईंचा, म्हणजे माझ्यासारख्याच आशाताईंचं काम बघणाऱ्या बाईंचा, फोन आला. "ताई, आम्हाला पण पाड्यावरच्या लोकांचं आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलंय. कुठून सुरुवात करू तेच कळेना." दीड तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा लिहूनच काढावं. नऊ महिन्यांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर माझा निम्मा हिवाळा वाचला असता.

मी कोकणा समाजातली. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचा, गुजरातला लागून असलेला डोंगरपट्टा हे माझं माहेर, सासर आणि कामाचं ठिकाणही. माझ्या गटात एकोणीस आशाताई आहेत. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, सिकलसेल हे आमचं रोजचं. मनाच्या दुखण्याला आमच्या रजिस्टरमध्ये एक रकाना आहे आणि त्यात बहुतेक महिने 'निरंक' लिहिलेलं असतं.

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, २००३ पासून पाळतात. २०२४ मध्ये त्याच दिवशी गौरी यायच्या होत्या, त्यामुळे आरोग्य केंद्रातल्या कार्यक्रमाला एकोणीसपैकी सातच जणी आल्या. डॉक्टरसाहेबांनी कागदावरून आकडे वाचले. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी जीव दिला, त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. माझ्या शेजारी बसलेली आशाताई कुजबुजली, "आपल्याकडचे यात धरलेत का हो?"

तिचा प्रश्न बरोबर होता. पाड्यावर असं काही घडलं की घरचे सांगतात पोटात दुखत होतं, नाहीतर चुकून काहीतरी पोटात गेलं. आपण तेच लिहून घेतो. २०११ मध्ये माझा चुलतभाऊ गेला, तेव्हा आमच्या घरच्यांनीही तेच सांगितलं होतं. सांगणाऱ्यांत मी होते.

कार्यक्रमाच्या शेवटी साहेबांनी विचारलं, नाशिकला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला कोण जाईल? पुढं आपल्याला गावातल्या लोकांना शिकवायचंय. माझा हात वर गेला. मग वाटलं, हे काय करून बसले.

२४ आणि २५ सप्टेंबरला नाशिकला गेले. बाईमाणसाला एसटीला अर्धं तिकीट, त्यामुळे जाऊन-येऊन खर्च शंभरच्या आसपास. पुस्तिकेत आमच्यासाठी 'द्वाररक्षक' असा शब्द होता. तो वाचून मला आश्रमशाळेच्या फाटकावरचा शिपाईच आठवत राहिला. शिकवलं ते मात्र सरळ होतं. खुणा ओळखा, थेट विचारा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका, उपचारापर्यंत पोचवा.

अडतं ते 'थेट विचारा'पाशी. विचारल्यानं उलट डोक्यात भरेल, ही भीती मलाही होती. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की याचा बराच अभ्यास झालाय. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांवर मुलांना हा प्रश्न विचारून पाहिला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. ज्यांना विचारलं त्यांच्या मनात असे विचार वाढले नाहीत, आणि जी मुलं आधीच त्रासात होती त्यांना तर थोडं हलकं वाटलं. ऐकताना मी मान डोलावली. दुपारी जोड्या लावून सराव घेतला तेव्हा माझ्या तोंडून प्रश्न फुटेना. जेवण जातं का विचारलं, झोप लागते का विचारलं, पोरं कशी आहेत विचारलं. बाई म्हणाल्या, "ताई, विचारलं नाहीत." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्यांदा विचारलं आणि चहाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन बसले. माझ्या भावाला मी त्या आठवड्यात दोनदा भेटले होते. दोन्ही वेळा जेवण जातं का, एवढंच विचारलं होतं.

हे प्रशिक्षण घ्यायला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, त्या दोन दिवसांत आपलंही काहीतरी वर येतं. संध्याकाळी लगेच परतीची गाडी धरू नका. मी एक रात्र नणंदेकडे राहिले ते बरं झालं.

३ ऑक्टोबरला मी प्रस्ताव दिला. माझ्या गटातल्या सात पाड्यांतले तीस लोक, दोन दिवस. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि कागद जिथं होता तिथंच थांबला. आरोग्याच्या प्रशिक्षणाला आचारसंहिता लागते का, यावर तीन जणांनी मला तीन उत्तरं दिली. शेवटी "निकाल लागू द्या, मग बघू" असं ठरलं. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि पाडे रिकामे झाले होते.

आमच्याकडं भात आणि नागली घरात आली की माणसं दिंडोरी-निफाडकडं द्राक्षाच्या कामाला उतरतात. मागं राहतात म्हातारी, शाळेतली पोरं, बाळंतीण बायका. ज्यांच्यासाठी मी हे करणार होते त्या वयाचा एकही पुरुष डिसेंबरमध्ये पाड्यावर नव्हता. प्रस्तावात महिना लिहिताना हे मला सुचायला हवं होतं, मी तर इथलीच. पण सरकारी कागद भरताना माणूस आर्थिक वर्षाचा विचार करतो, नागलीचा करत नाही.

म्हणून ८ जानेवारीला फक्त आशाताईंची एक दिवसाची तालीम घेतली. ती पुरती फसली. कशी, तेही लिहिते.

चौदा स्लाइड होत्या, मागून आणलेला प्रोजेक्टर होता, सव्वाअकराला लाइट गेली. मग मी पुस्तिका हातात घेऊन वाचायला लागले. 'जोखमीचे घटक', 'संरक्षक घटक', 'संदर्भित करा'. नऊ जणी होत्या, सगळ्या माना खाली. जेवणाआधी त्यातली एक उठली, सही केली आणि घरी गेली. मला वाटलं काम असेल. संध्याकाळी कळलं की तिच्या घरात तीन वर्षांपूर्वी असं घडलं होतं. मला ते माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. तिनं चहा केला, त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मी निघताना मात्र म्हणाली, "ताई, तुम्ही सारखं संदर्भित करा म्हणत होता. आमच्या पाड्यावरून रात्री दहाला संदर्भित करायचं म्हणजे काय करायचं? एसटी सकाळी साडेसातला आहे. तो 'हो' म्हणाला तर पुढं काय?"

पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं दवाखाना जवळ असलेलं गाव असावं. आमच्याकडून ग्रामीण रुग्णालय ३४ किलोमीटर. मानसोपचाराचे डॉक्टर तिथं महिन्यातून ठरलेल्या दिवशी येतात. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पण सातपैकी चार पाड्यांवर घरात रेंज नाही. रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं.

मी नाशिकच्या बाईंना फोन केला. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं. भारत, श्रीलंका, चीन, इराण आणि ब्राझील अशा पाच देशांत, आपल्याकडं चेन्नईत, जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ लोकांवर तो झाला होता. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी दवाखान्यातून सोडताना तासभर नीट बोलणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. नेहमीच्या उपचारांच्या गटात पुढच्या दीड वर्षात आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के, भेटी झालेल्यांत ०.२ टक्के. मी आकडे तळहातावर लिहून घेतले. घरी जाऊन भेटायचं, परत जायचं, परत जायचं. नवजात बाळासाठी आशाताई हेच करते. बेचाळीस दिवसांच्या भेटी तिला तोंडपाठ असतात.

आणखी एक गोष्ट मला शेजारच्या पेठ तालुक्यातल्या मैत्रिणीनं सांगितली. तिथं पुण्याच्या एका कायदा महाविद्यालयाच्या केंद्रानं २०१३ च्या सुमारास 'आत्मीयता' नावाचं काम सुरू केलं होतं. गावातलीच माणसं निवडून त्यांना दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकवायचं. त्यांना नाव दिलं होतं 'मित्र'. मी त्याच रात्री 'द्वाररक्षक' खोडून 'सोबती' लिहिलं.

जानेवारी-फेब्रुवारी परवानग्यांत गेले. आश्रमशाळेचे अधीक्षक आणि अधीक्षिका प्रशिक्षणात असावेत असं मला वाटत होतं, कारण पोरं घरापासून लांब, आणि रात्री त्यांच्याजवळ हेच दोघं. त्यांना दोन दिवस सोडायचं तर त्यांच्या कार्यालयाचं पत्र लागतं. १३ जानेवारीला अर्ज दिला. एकदा शिक्का नाही म्हणून परत आला, एकदा 'आत्महत्या' हा शब्द विषयात नको म्हणून. 'मानसिक आरोग्य जाणीवजागृती' असं केलं, ५ फेब्रुवारीला पत्र मिळालं. शब्दासाठी भांडायचं की काम करून घ्यायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी काम करून घेतलं.

एक उपयोगी गोष्ट सांगते. पत्र प्रत्येकाच्या नावानं काढून घ्या. 'सर्व संबंधित' असं लिहिलेल्या पत्रावर कुणीही येत नाही. पोलीस पाटलांना तर नावाचा कागद हातात लागतोच.

भगताला बोलवायचं की नाही, यावर आमच्यातच वाद झाला. सिस्टर म्हणाल्या, त्यांना बोलावलं तर लोक दवाखान्यात येणं सोडतील. मी म्हटलं, लोक आधी त्यांच्याचकडं जातात, आपण बोलावलं काय नि न बोलावलं काय. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसले. म्हातारे आहेत, माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे. बराच वेळ त्यांनी मला नागलीच्या भावाबद्दल विचारलं. मग म्हणाले, "मला तिथं बसवून सगळ्यांसमोर खोटं पाडणार का?" मी म्हटलं, "बाबा, तुमचं काम तुम्ही करा. फक्त माणूस तुमच्याकडून उठला की एकटा जाऊ देऊ नका." ते म्हणाले, "माझ्याकडं माणूस येतो तो रात्री येतो. तुमचा दवाखाना सकाळी उघडतो. एकटा कसा पाठवीन?" म्हणजे जे मी शिकवायला गेले होते ते ते करतच होते.

तारीख अखेर ठरली १७ आणि १८ मार्च. १३ मार्चला होळी होती. होळीला आमच्याकडं माणूस कुठंही असला तरी घरी येतोच, आणि रंगपंचमीपर्यंत थोडाफार टिकतो. एवढ्याच सात-आठ दिवसांत सगळा पाडा एका जागी सापडतो. नोंदणी सत्तावीस जणांची होती, आले एकतीस. आशाताई, अंगणवाडीच्या दोघी, तीन पोलीस पाटील, आश्रमशाळेचे दोघं, दोन भगत, एक दाई, बचत गटाच्या बाया, खतं-औषधं विकणारा दुकानदार आणि द्राक्षबागेतून आलेली सहा पोरं.

समाजमंदिरात गोल करून बसलो. प्रोजेक्टर नव्हता. जानेवारीतली चूक लक्षात ठेवून एक बाई बाहेर ओट्यावर बसवली होती, कुणी उठून गेलं तर त्याच्यामागं जायचं एवढंच तिचं काम. आणि सुरुवातीलाच सांगितलं, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी हवं तेव्हा उठावं, सही नंतर केली तरी चालेल. दुपारी दाई उठल्या. ओट्यावरची बाई त्यांच्यासोबत विहिरीपर्यंत गेली. तासाभरानं दोघी परत आल्या.

पहिला अर्धा दिवस 'आत्महत्या' हा शब्द मी काढलाच नाही. विचारलं, कुणाला विचार लागलाय हे तुम्हाला कसं कळतं? मग काय, थांबेचनात. शेतावरच्या झोपडीतच राहायला लागतो. बैल सोडायला उशीर करतो. होळीला येऊन नाचत नाही, लांब बसतो. दारू वाढते. 'आता मला कशाला मोजता' म्हणतो. खूप दिवस तडफडणारा माणूस एकदम शांत होतो. एक जण म्हणाला, आमच्याकडच्या एकानं आपली वाजवायची पावरी पुतण्याला देऊन टाकली होती, जिला कुणाला हात लावू देत नव्हता. पुस्तिकेत हेच 'आवडत्या वस्तू वाटून टाकणे' असं लिहिलंय. फोनवरच्या निरोपाच्या मजकुराचा मुद्दा मी गाळणार होते, म्हटलं इथं कुठलं आलंय. पोरांनीच थांबवलं. "ताई, स्टेटस बघा ना. बागेत असतो तेव्हा आम्ही एकमेकांचे स्टेटसच बघतो." पुस्तिका त्या ठिकाणी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

मग प्रश्नाचे शब्द. 'तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येत आहेत का' असं पाड्यावर कुणी बोलत नाही. एका आशाताईनं दुसरीच अडचण काढली. आपण रोज क्षयाच्या पेशंटला विचारतो, औषध घेतलं का? आणि कुणी जीव दिला तरी लोक हेच म्हणतात, औषध घेतलं. आमच्याकडं शेतात फवारायचं तेही औषध आणि दवाखान्यातलं तेही औषध. इतकी वर्षं हा शब्द रोज वापरून माझ्या लक्षात आलं नव्हतं. ठरलं की गोळ्यांना गोळ्या म्हणायचं, आणि प्रश्न असा विचारायचा, "जीव द्यायचं मनात येतं का?" आडून नाही, कोड्यात नाही. 'तसलं काही करणार नाहीस ना' असं तर मुळीच नाही, कारण त्यावर माणूस 'नाही' एवढंच म्हणू शकतो.

सरावाला बसलो तर दोघी हसत सुटल्या. हसू थांबेना, मग त्यातली एक रडायला लागली. मी थांबवलं नाही. पाणी दिलं, पाच मिनिटं सगळे गप्प बसलो. मग त्यांनीच परत सुरुवात केली.

पोलीस पाटलांचा प्रश्न अपेक्षितच होता. "वाचलेल्यावर केस होते ना? मग कोण सांगेल?" याची तयारी करून जा, कारण हा सगळीकडं येणार. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. सरकारनं त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. एवढं सांगितल्यावर एक पाटील म्हणाले, "पण दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला येतातच." येतात. विषबाधेची नोंद पोलिसांकडं जाते, हे मी लपवलं नाही. जबाब म्हणजे गुन्हा नव्हे, एवढंच घरच्यांना आधी समजावून सांगायचं, नाहीतर त्या भीतीनं माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो.

दुकानदार दोन्ही दिवस गप्प होता. दुसऱ्या दिवशी मी तामिळनाडूतल्या काट्टुमन्नारकोईल भागातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. तिथं गावात एका जागी कुलपाच्या पेट्या ठेवल्या होत्या, बँकेच्या लॉकरसारख्या. फवारणीची औषधं घरात न ठेवता तिथं ठेवायची आणि लागेल तेव्हा काढायची. त्या वाईट क्षणी हाताशी काही नसलं तर तो क्षण टळू शकतो, आणि टळलेला माणूस बहुतेकदा जगतो. यावर तो पहिल्यांदा बोलला. "माझ्याकडं घाईनं एकच बाटली मागणारा येतो ना, त्याला मी आता शेत कुठलं, पीक कुठलं, कीड कुठली, एवढं तरी विचारीन." पेट्यांना आमच्याकडं पैसे नाहीत. पण दोन पाड्यांनी औषधं घरातून काढून शेतावर एका जागी कुलपात ठेवायचं कबूल केलं. किती जण पाळतात ते पावसाळ्यात कळेल.

'हो म्हणाला तर पुढं काय' यावर अख्खी दुसरी दुपार गेली, आणि माझ्या मते तेवढीच खरी कामाची. प्रत्येक पाड्यानं आपापला कागद केला. रात्री त्याच्याजवळ कोण बसेल, दोन नावं. रेंज कुठं मिळते. गाडी कुणाची, फोन कुठला, भाडं तात्पुरतं कोण देईल. घरातलं काय काय बाहेर काढायचं. सकाळी सोबत कोण जाईल. १४४१६ मोठ्या अक्षरात. तो कागद समाजमंदिरात लावायचा की नाही यावर मतं पडली. शेवटी लावला नाही, त्या दोन नावांच्या घरी ठेवला.

खर्चाचं लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. जेवण आणि चहा माणशी शंभर, दोन दिवसांचे ६,२०० रुपये. प्रवासभाडं ३,१००. चार्ट, पेनं, झेरॉक्स ७४०. सतरंज्या आणि सामान आणायला जीप १,६००. एकूण ११,६४०. मंजूर झाले ९,०००. मार्चअखेर असल्यानं ३१ तारखेच्या आत पावत्या हव्या होत्या, आणि नागलीच्या भाकरी करणाऱ्या बचत गटाकडं पक्की पावती नव्हती. साध्या कागदावरची चालेना. गटाचं पावतीपुस्तक छापून घेतलं, त्याचे १८० रुपये वेगळेच. वरचे पैसे काही डॉक्टरसाहेबांनी घातले, काही मी. बचत गटाचे दोन हजार अजून यायचेत आणि त्या बाया रस्त्यात दिसल्या की मी आधी तेच बोलते. पण सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच रकान्यात नाही. सहा पोरांनी दोन दिवसांची मजुरी बुडवली. पुढच्या प्रस्तावात मी ती मागणार आहे. मिळणार नाही बहुधा, पण मागणार.

प्रमाणपत्रांवरूनही गंमत झाली. 'पदनाम' असा रकाना होता. भगताबाबांच्या पुढं काय लिहायचं? वरून सांगितलं 'ग्रामस्थ' लिहा. बाबा म्हणाले, ग्रामस्थ तर सगळेच आहेत. मी पेनानं 'भगत' लिहून दिलं. ते प्रमाणपत्र आता त्यांच्या घरात देवाच्या फोटोशेजारी आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला. प्रशिक्षणातल्या पोरांपैकी एक. टेकडीवरून बोलत होता, धाप लागली होती. "ताई, मी विचारलं. तो हो म्हणाला."

कोण, काय, का, यातलं मी काही लिहिणार नाही. कारण एकच नसतं, आणि लहान जागेत माणूस लगेच ओळखू येतो. मी पहिलं विचारलं, त्याच्याजवळ कोण आहे? "भगतबाबा बसलेत." माझा जीव भांड्यात पडला. मग कागदात होतं तसंच झालं. घरातलं जे काढायचं ते भावानं काढलं. तिघं मिळून त्याला टेकडीवर घेऊन गेले, तिथून १४४१६ लावला. दुसऱ्या प्रयत्नात लागला. तो चाळीस मिनिटं बोलला. सोबतचे तिघं जरा लांब, दिसेल इतक्या अंतरावर बसले होते. रात्रभर कुणी त्याला उपदेश केला नाही, बायकापोरांचा विचार कर म्हणालं नाही. हे मी मुद्दाम शिकवलं होतं. पण त्या रात्री ते मला पाळता आलं असतं की नाही, सांगता येत नाही.

सकाळी जीप केली, नऊशे रुपये. मी फाट्यावर त्यांना भेटले. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांचा दिवस नऊ दिवसांवर होता, म्हणून तिथून चिठ्ठी घेऊन पुढं जिल्ह्याला. रांग, केसपेपर, परत रांग. दुपारी दोनला नंबर लागला. डॉक्टर चांगल्या होत्या, घाई केली नाही. गोळ्या भावाकडं ठेवायला सांगितल्या. परतीच्या एसटीत तो पोरगा माझ्या खांद्यावर झोपला. तो म्हणजे ज्यानं विचारलं होतं तो. सोबत्याचाही विचार करा. मी त्याला पुढचे दोन आठवडे रोज फोन केला, आणि एकदा त्यालाच १४४१६ वर बोलायला लावलं.

घरी आल्यावर, ज्यानं 'हो' म्हटलं होतं त्याच्या भेटींसाठी भिंतीवरच्या कालनिर्णयवर नऊ खुणा केल्या. सगळ्या एका वर्षात मावल्या नाहीत, शेवटच्या दोन डायरीत लिहिल्या. पहिल्या भेटीला तो फारसा बोलला नाही. दुसऱ्या भेटीत त्याच्या आईनं मला कोरा चहा दिला, आणि आम्ही तिघं आंब्याखाली नुसते बसून राहिलो.

यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला. कुणाचीच घरं शाकारून झाली नव्हती. चौथ्या आठवड्याच्या भेटीला, जूनच्या सुरुवातीला गेले, तर तो छपरावर होता. खाली कौलांची चळत, भाऊ बैलांकडं गेलेला. मी नेहमीसारखी अंगणात पिशवी ठेवली आणि बसायला जागा बघू लागले.

"ताई, बसू नका आता," तो वरून म्हणाला. "कौलं द्या वर एकेक."

मी पदर खोचला आणि कौलं द्यायला लागले.